शेगडीचे चार कोपरे

‘निम्मेसाहेब’ हे नाव त्यांना कारखान्याने दिले होते, आणि निवृत्त झाल्यावर ते त्यांच्या पाठोपाठ मुकाट्याने घरी आले. तंत्रविद्यालयातून पदविका घेऊन ते यंत्रदुरुस्ती विभागात लागले, तेव्हापासून खुर्ची सोडेपर्यंत त्यांच्यासमोर रोज एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येऊन उभा राहिला : हे यंत्र दुरुस्त करायचे की मोडीत काढायचे? त्यांचे उत्तर ठरलेले असे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत असेल तर दुरुस्ती. निम्म्याच्या वर जरासा जरी गेला तरी मोडीत. वरचे साहेब रागावले, खालचे फोरमन हिरमुसले, पण नियम तसूभर हलला नाही.

घरातही हाच कायदा चाले. त्याने आजवर त्यांच्या पत्नीचे एक धुण्याचे यंत्र, दोन पंखे आणि एक शिलाई मशीन गिळले होते. त्यांपैकी शिलाई मशीन ती भंगारवाल्याला देणार होती, ती अजून देतेच आहे. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, अंगावर जाड कापड आणि डोक्यावर फुलदाणी घेऊन ते उभे होते. कापडाखाली काय आहे हे दोघांनाही ठाऊक होते आणि त्याविषयी दोघेही बोलत नसत.

आता पाळी शेगडीची आली.

तसे पाहिले तर ते अंगणातले गॅसचे ग्रिल होते : तीन बर्नर, वर लोखंडी जाळी, त्यावर झाकण, खाली सिलिंडर. पण घरात सगळे तिला नुसती शेगडीच म्हणत. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, पत्र्याच्या छपराखाली तिची जागा होती. दर रविवारी दुपारी मुलगा-सून येत, लेक येई, आणि पत्नीचा धाकटा भाऊ तर बोलावण्याची वाटही पाहत नसे. कणसे, बटाटे, कांदे, कधी मासे, कधी कोंबडी असे जे असेल ते जाळीवर चढे, आणि शेगडीमागे चिमटा घेऊन निम्मेसाहेब उभे राहत.

गेल्या रविवारी कणसे अर्धी भाजून होताहोता शेगडीने मान टाकली. ज्योत पिवळी पडली, फुरफुरली, विझली, आणि मागोमाग गॅसचा वास आला. निम्मेसाहेबांनी एका हाताने सिलिंडर बंद केला आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांना मागे सारले. वास विरल्यावर मंडळी परत आपापल्या खुर्च्यांवर बसली, आणि थंडगार बटाट्यांकडे पाहत मुलगा म्हणाला, “बाबा, आता पुरे झालं. वय झालं हिचं.”

“वयाचंच बोलायचं तर मलाही बाहेर काढून ठेव,” मामा, म्हणजे निम्मेसाहेबांचे मेहुणे, म्हणाले. “भंगारवाला दोघांचा एकदमच भाव करेल.”

“मामा, चेष्टा नको. मी नवीन आणतो, माझ्याकडून. काय सुरेख मॉडेलं आली आहेत. जाळीवर कुठेही ठेवा, चारही कोपऱ्यांत सारखी आच. वेळ लावून ठेवली की झालं, भाजून झाल्यावर आपोआप घंटी वाजते. बाबा, तुम्ही नुसतं आरामात बसा.”

आरामात बसा. निवृत्त झाल्यापासून निम्मेसाहेबांना हे वाक्य सगळीकडून ऐकू येत होते. डॉक्टर तेच म्हणत, बँकेतली मुलगी तेच म्हणे, आणि बसमध्ये तर अनोळखी माणसेसुद्धा उठून तेच म्हणत. ते जिथे कानी पडत नसे अशी जगात एकच जागा उरली होती, ती शेगडीमागची. आठवड्यातून एका दुपारी, हातात चिमटा असेपर्यंत, कोणाचे तरी काम त्यांच्यावाचून अडत असे. घंटी वाजवणारी शेगडी आली, तर ती जागाही गेली. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवले नाही. ते एवढेच म्हणाले, “आधी तपासणी. मग अंदाजपत्रक. मग निर्णय.”

“आणि नियम?” पत्नीने ताटे गोळा करता करता विचारले.

“नियम तोच.”

“नाही, आपलं विचारलं,” ती म्हणाली, आणि ताटे घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मेसाहेबांनी अंगणात जुनी चादर अंथरली आणि शेगडीचा एकेक भाग सोडवून, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडून ठेवला. उलट क्रमाने जोडले की काही चुकत नाही, ही तंत्रविद्यालयात अंगी बाणलेली सवय. मग चष्मा पुसून ते तपासणीला बसले.

शेगडी का विझली ते लगेच समजले. मधल्या बर्नरच्या नळीत कोळ्याने ऐसपैस घर थाटले होते. गॅसला वाट नव्हती. रबरी नळीला भेगा गेल्या होत्या, रेग्युलेटर ढिला झाला होता, आणि एका चावीतून गॅस झिरपत होता. तेल साचण्याचा ट्रे गंजून चाळणी झाला होता. एवढ्यावर थांबतील तर ते निम्मेसाहेब कसले? त्यांनी पुढे पाहिले. प्रत्येक बर्नरच्या वर आच पसरवणारा एक पत्रा असतो. डाव्या पत्र्याला मागच्या बाजूस तळहाताएवढे भोक पडले होते, आणि तिथून ज्योत थेट जाळीला भिडत होती. उजवा बर्नर तर बोटभर खाली बसला होता. घर बदलताना शेगडीचे ते टोक मामांनी धरले होते, आणि ऐन जिन्यात मामांना शिंक आली होती. बर्नरचा आधार तेव्हा वाकला, तो वाकलाच.

सगळ्याची नोंद त्यांनी खडूने फरशीवरच केली आणि ते शेगड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार नव्या शेगड्याही विकत असे आणि सुटे भागही ठेवत असे. यादी ऐकता ऐकता त्याच्या भुवया वर चढत गेल्या.

“साहेब, एवढं सगळं घेताय, तर राहिलं काय जुन्यातलं?”

“सांगाडा, झाकण आणि जाळी.”

“मग वर थोडे घालून नवीच न्या की.”

“तुम्ही किंमत सांगा. सल्ला मी घरून घेऊन आलोय.”

नळी आणि रेग्युलेटर मात्र त्यांनी तिथल्या तिथे विकत घेतले. शेगडी जुनी राहो की नवी येवो, त्यांच्यावाचून सिलिंडरला हात लावायचा नव्हता. घरी येऊन ते फरशीवर बसले आणि बेरीज केली. पुन्हा केली. खर्च निम्म्याच्या चांगलाच वर जात होता.

मग निम्मेसाहेबांच्या हातून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, थोडी लबाडी झाली. त्यांनी नव्या शेगडीची किंमत ओल्या बोटाने पुसली आणि तिथे दुसरी लिहिली. आता बेरीज निम्म्याच्या आत अगदी चपखल बसली. तेवढ्यात पत्नी चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा शोधताना तिची नजर आकड्यांवरून फिरली.

“ही किंमत कुठल्या शेगडीची?”

“आहे एक. सहा बर्नरची.”

“आणि आपली?”

निम्मेसाहेब खडू नीट आहे की नाही ते पाहू लागले.

“तीन,” तीच म्हणाली. “माझ्या शिलाई मशीनच्या वेळी दुकानातलं सगळ्यांत स्वस्त मशीन धरलं होतंत. माझी काही हरकत नाही हो. नुसतं आठवलं म्हणून बोलले.”

त्यांनी चहा संपवला, फडके ओले करून आकडा पुसला आणि तीन बर्नरच्या शेगडीचा खरा आकडा लिहिला. मग उठून मुलाला फोन केला.

“आण नवी.”

“खरंच? बाबा, मला वाटलं होतं तुम्ही ऐकणार नाही.”

“मी ऐकलं नाही. नियमाने ऐकलं.”

मुलगा खुशीत होता. त्याच दिवशी त्याने त्याच दुकानात आगाऊ रक्कम भरली आणि रविवारी सकाळी शेगडी गाडीत घालून आणतो असे कळवले. निम्मेसाहेबांनी “बरं” म्हटले. पुढचे दोन-तीन दिवस ते बागेतल्या नळाचा वायसर, दाराची कडी आणि चपलेचा अंगठा अशी बारीकसारीक कामे शोधून काढत राहिले. हे पत्नीच्या नजरेतून सुटले नाही. सुटे भाग मात्र अजून चादरीवर तसेच मांडलेले होते.

शनिवारी दुपारी त्यांनी शेगडी पुन्हा जोडायला घेतली.

“मोडीत काढायची ना?” पत्नीने खिडकीतून विचारले.

“अखेरची चाचणी राहिली आहे.”

ही त्यांची कारखान्यातली रीत होती. मोडीत निघणारे प्रत्येक यंत्र ते एकदा शेवटचे चालवून पाहत. एवढी वर्षे काम केलेल्या यंत्रालाही आपले म्हणणे मांडण्याची एक संधी असावी, असे त्यांचे मत होते. त्यांनी कोळ्याला बिऱ्हाडासह कुंपणापलीकडे नेऊन सोडले, नवी नळी आणि रेग्युलेटर चढवला, झिरपणाऱ्या चावीला नवा वायसर घातला, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून, बुडबुडा येतो का ते खाली वाकून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही. ट्रेच्या जागी तात्पुरते एक जुने ताट सरकवले. मग तिन्ही बर्नर पेटवले, आणि जाळी पुरती झाकेल अशा बेताने पावाचे काप तिच्यावर ओळीने मांडले. आच कुठे कमी, कुठे जास्त हे पावासारखे स्पष्ट दुसरे कोणीही सांगत नाही.

पावाच्या वासाबरोबर मामा हजर झाले.

“भावजी, शनिवारीपण सुरू केलंत?”

“चाचणी आहे. हात लावू नका.”

“मी कशाला हात लावतोय? वास घेतोय. वासाला तर परवानगी लागत नाही?”

ठरल्या वेळी निम्मेसाहेबांनी आच बंद केली आणि काप जसेच्या तसे, आपापल्या जागा न सोडता, एका लाकडी फळीवर उतरवले. पत्नीही पदराला हात पुसत बाहेर आली.

“बघ,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खंत होती आणि न्याय झाल्याचे समाधानही होते. “दोन काप एकासारखे एक नाहीत. डावीकडे मागे कोळसा, पुढे तांबूस, मधे बरा, आणि उजवीकडे भाजलाय की नुसता उन्हात ठेवलाय ते कळत नाही. डाव्या पत्र्याला भोक, उजवा बर्नर खाली. निव्वळ बिघाड. नियमाने बरोबरच सांगितलं.”

पत्नी फळीकडे पाहत राहिली. मग तिने डावीकडचा, मागचा, काळाठिक्कर काप उचलला.

“हा आपल्या लेकीचा,” ती म्हणाली. “कणीस काळं झाल्याशिवाय ती तोंड लावत नाही. हा पुढचा, कडक, मुलाचा. त्याला कोंबडीची साल कुरकुरीत लागते. हा उजवीकडे मागचा सूनबाईचा. तिचे बटाटे तुम्ही तिथे सगळ्यांत आधी ठेवता आणि सगळ्यांत शेवटी काढता, आतून लोणी होईपर्यंत. आणि हा पुढचा, मऊ—”

“माझा,” मामा म्हणाले आणि त्यांनी तो उचलून खाल्ला. “माझ्या दातांना दुसरीकडे प्रवेश नाही.”

“मी कधी ठेवतो असं?” निम्मेसाहेबांनी विचारले.

“दर रविवारी.”

“मी?”

“मग काय मी?” मामा म्हणाले. “मला तर तुम्ही चिमट्याला बोटसुद्धा लावू देत नाही.”

निम्मेसाहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. चिमटा अजून हातातच होता. त्यांनी डोळ्यांसमोर रविवार आणला, आणि हात आपला आपणच हलू लागला : कणीस वर डावीकडे, कोंबडी खाली, बटाटे पलीकडे, मेहुण्यांचा मासा अलीकडे. कोणी काही मागत नसे. तेही काही विचारत नसत. इतकी वर्षे ते समजत होते की आपण फक्त भाजतो.

“तुमचा मुलगा काय म्हणाला?” मामांनी दुसऱ्या कापाकडे हात नेत विचारले. “चारही कोपऱ्यांत सारखी आच? म्हणजे सगळ्यांना सारखंच. कँटीनमध्ये असतं तसं.”

“तू कुठला?” निम्मेसाहेबांनी पत्नीला विचारले.

“कुठला म्हणजे?”

“काप. तुझा कोपरा कुठला?”

ती हसली. “मी मधली. सगळ्यांचं झाल्यावर माझं ठेवता. तेव्हा शेगडी रिकामी असते आणि तुमचं सगळं लक्ष तेवढ्यावरच असतं. मला चांगलं मिळतं.”

निम्मेसाहेब फरशीवर बसले. पाण्याने पुसट झालेली यादी त्यांनी पुन्हा ठळक केली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग एका रेषेने तीन पत्रे काढून टाकले. दुसऱ्या रेषेने तीन बर्नर. तिसऱ्या रेषेने उजवीकडचा आधार.

“नियम मोडताय,” पत्नी म्हणाली.

“अजिबात नाही.” त्यांचा आवाज कारखान्यातला झाला होता. “नियम दुरुस्तीच्या खर्चाचा आहे. मी नवीकोरी करण्याचा खर्च धरला होता. कारखान्यात ते बरोबर होतं. तिथल्या यंत्रातून निघालेला भाग दुसऱ्या यंत्रात बसायला हवा, केसाचाही फरक चालत नाही. इथे कोणाला कशात बसायचंय? गॅस गळतो, तो धोका. तो काढायचा. पत्र्याला भोक आहे, ती खोड. ती ठेवायची.”

“शिंकेचा बर्नरही?” मामांनी विचारले.

“तो आता यंत्राचा अधिकृत भाग आहे.”

उरले काय? नळी, रेग्युलेटर, चावीचे वायसर, एक ट्रे. बेरीज निम्म्याच्या जवळपाससुद्धा फिरकली नाही.

“कुठल्या शेगडीच्या निम्म्याच्या?” पत्नीने बारकाईने विचारले.

“दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त शेगडीच्या,” निम्मेसाहेब म्हणाले, आणि तो आकडा त्यांनी तिच्या देखत लिहिला.

मुलाला फोन करणे हे काम मात्र जड होते. निम्मेसाहेबांनी भोकाच्या पत्र्यासकट सगळे एका दमात सांगून टाकले.

“बाबा, मी आगाऊ रक्कम भरलीये.”

“त्यातून एक ट्रे घे. दुकानदार ओळखीचा आहे. उरलेली रक्कम परत देईल.”

“पण भोकाचा पत्रा तसाच ठेवणार? बिघडलेलं मुद्दाम बिघडलेलंच?”

“उद्या ये. तुझी कोंबडी खा. त्यानंतरही तुझं हेच म्हणणं असेल, तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येतो आणि आरामात बसतो.”

मग मुलगा म्हणाला, “ट्रे कुठल्या मापाचा?” निम्मेसाहेबांनी माप सांगितले, आणि ते त्याच्याकडून परत म्हणवून घेतले.

रविवारी नवा ट्रे आपल्या जागी गेला, साबणाचे पाणी पुन्हा एकदा सगळ्या सांध्यांवरून फिरले, आणि शेगडी पेटली. ज्योत निळी होती. मुलगा हाताची घडी घालून उभा राहिला. निम्मेसाहेबांनी आज पहिल्यांदाच स्वतःच्या हाताकडे लक्ष दिले, आणि त्यामुळे सुरुवातीला चिमटा जरा अडखळला. थोड्या वेळाने त्यांनी लक्ष द्यायचे सोडून दिले आणि सगळे सुरळीत चालू लागले. मुलाच्या ताटात कोंबडीचा तुकडा पडला. त्याने एक घास घेतला, सालीचा कुर्रकन आवाज झाला, आणि त्याने हातांची घडी पुन्हा घातली नाही.

“कसंय?” मामांनी विचारले.

“असू दे,” तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा आहे का ते पाहायला उठला.

याच सुमारास आतून काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. लेक आणि सून मिळून बैठकीच्या खोलीतले काही ओढत मागच्या दारापर्यंत आणत होत्या, आणि पुढे पत्नी हातात फुलदाणी घेऊन वाट दाखवत होती. मामा मदतीला धावले.

“तू लांब राहा,” ती भावाला म्हणाली. “शिंकशील.”

शिलाई मशीन शेगडीशेजारी छपराखाली उभे राहिले. तिने त्यावरचे कापड काढले.

“ह्याच्या अंदाजपत्रकात तुम्ही नवा रंग धरला होतात,” ती म्हणाली. “चाकाला मुलामा धरला होता. लाकडी पेटी नवी धरली होती. मला आठवतंय.”

निम्मेसाहेबांनी मशीनच्या चाकाकडे पाहिले.

“मला फक्त जाड कापड शिवायचं होतं. नव्या मशीनला ते झेपत नाही. ते आपलं रुमाल शिवतं.”

“पट्टा तुटला होता,” ते हळूच म्हणाले. “आणि आतलं एक दातेरी चक्र झिजलं होतं.”

“त्याचे किती?”

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. तो करायला फार वेळ लागला नाही, आणि उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसले.

“आई, आधी त्यांना जेवू तर दे,” मुलगा म्हणाला. “बाबा, तुम्ही जरा आरामात—”

“त्यांना कोणी आरामात बसवू नका,” पत्नी म्हणाली. “पुढच्या आठवड्यात मला पडदे शिवायचेत.”

निम्मेसाहेबांनी डाव्या हाताने मशीनचे चाक फिरवून पाहिले. ते कुरकुरले, अडले, आणि जरा जोर लावल्यावर पुढे सरकले. त्यांनी कान खाली नेला, चाक मागे घेतले, पुन्हा पुढे नेले. आवाज नेमका कुठून येतो याचा शोध लागत होता. उजव्या हातातला चिमटा हवेतच थांबला होता.

“तेलाची कुपी आणा कोणीतरी,” ते म्हणाले.

“बाबा, कणीस जळतंय,” सून म्हणाली.

ते दचकून वळले. पण लेक ताट पुढे करून आधीच शेगडीपाशी उभी होती.

“राहू दे अजून थोडं,” ती म्हणाली. “आत्ता कुठे रंग चढतोय.”